दत्तूभाऊंचे कान

मागच्या महिन्यात देवासला लेकीकडे गेलो होतो. तिला वायरलेस इअरबड घ्यायचे होते. "बाबा, तुम्ही पण चला," म्हणाली, म्हणून गेलो. दुकानदाराने काचेच्या काउंटरवर पाच डब्या मांडल्या आणि त्यातली एक उचलून म्हणाला, "ये वाला ले जाओ दीदी. इसमें ऐसा सन्नाटा होता है कि पीछे ट्रक हॉर्न मारे तो भी पता नी चले."

मी काउंटरवर हात आपटला. "क्यों नी चलना चाहिए पता? मरना है क्या उसको?" एवढ्या जोरात ओरडलो, की शेजारच्या कापडाच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघू लागली. लेक शरमेने लाल झाली. दुकानदार बिचारा "अंकल, ये तो फीचर है" असं पुटपुटत राहिला. त्याची काहीच चूक नव्हती. रस्त्यावर आल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, एवढं काय झालं तुम्हाला?" मी रिक्षाला हात केला. उत्तर द्यायचं तर दत्तूभाऊंपासून सुरुवात करावी लागली असती, आणि दत्तूभाऊंचं सांगायला घेतलं की शेवटी माझंही सांगावं लागतं.

दत्तूभाऊ साळुंके पीथमपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होते आणि मी त्याच कारखान्यात टाइम ऑफिसचा बाबू. दोघंही धारचे. दोघांचीही घरं जुन्या संस्थानाबरोबर या मुलखात आलेली. त्यांचे पणजोबा पागेत घोड्यांना नाल ठोकत. दत्तूभाऊ म्हणायचे, "शिर्केबाबू, पणज्यानं नाल ठोकली, आज्यानं कुलपं, बापानं ट्रंका आणि मी मोटारीची दारं. चार पिढ्या आमच्या घराण्यात नुसता ठणठणाट." प्रेस शॉपमध्ये पोलादी पत्र्यावर यंत्राचा घाव बसतो आणि पत्र्याचं दार होतं. घाव बसला की शंभर पावलांवर माझ्या टेबलावरचा चहा हले. त्या घावाच्या शेजारी हा माणूस वर्षानुवर्षं उभा होता. डावा कान पार गेलेला, उजवा अर्धामुर्धा उरलेला. शिफ्टच्या बसमध्ये ते डावीकडच्या खिडकीलाच बसत, म्हणजे बोलणारा आपोआप उजव्या कानाशी येई. तिथे दुसरा कोणी आधी बसला असला तर त्याला उठवत, आणि तेही गोड शब्दांत नाही.

आणि हाच माणूस आख्ख्या बसला इअरबड निवडून देत असे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे ठेच लागलेला पुढचाच मागे वळून सगळ्यांवर खेकसत होता. नवे इअरबड घेतलेला माणूस डबी घेऊन त्यांच्या सीटपाशी येई आणि मोठ्या हौसेने सांगे, "दादा, चालीस घंटे चलता है." दत्तूभाऊ डबीकडे बघतसुद्धा नसत. "पहले कान दिखा." मोबाइलचा टॉर्च लावून ते दोन्ही कान पाहत, त्याचं डोकं धरून इकडे तिकडे फिरवत. कोणाचेच दोन्ही कान एका मापाचे नसतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. इअरबडबरोबर लहानमोठ्या रबरी टोप्या येतात, लोक त्या डबीतच विसरतात. दत्तूभाऊंनी त्या सगळ्यांकडून मागून घेतल्या होत्या. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या तीन रिकाम्या बाटल्यांत लहान, मधल्या आणि मोठ्या अशा वेगवेगळ्या ठेवलेल्या, स्पिरिटने पुसलेल्या. एका कानाला लहान टोपी, दुसऱ्याला मधली, अशी जोडी लावून ते शर्टाच्या खिशातून शेवेची पुडी काढत. "खा."

शेव चावायची आणि मान जोरजोरात हलवायची, ही पहिली परीक्षा. धारच्या माणसाचा जबडा दिवसभर हलतच असतो, तेव्हा शेव खाताना जो बड निसटतो तो धारमध्ये निरुपयोगी, असं त्यांचं म्हणणं. त्यामागचं कारणही पक्कं होतं. बड ढिला बसला की बाहेरचा आवाज आत येतो, मग माणूस गाण्याचा आवाज वाढवतो, आणि वाढवलेला आवाज कोणी पुन्हा कमी करत नाही. "चप्पल लेते टाइम पाँव देखते हो ना? फिर इसमें बैटरी क्या देख रिये हो?"

दुसरी परीक्षा आवाजाची. "रोज ऐकतोस तेवढ्या आवाजात गाणं लाव." मग आपला उजवा कान ते त्याच्या कानापासून हातभर अंतरावर नेत. आत काय वाजतंय ते त्यांना कळलं की संपलंच. "मला ऐकू आलं म्हणजे तू मेलास," असं म्हणत ते त्याच्या फोनचा आवाज स्वतः खाली आणत. तिसऱ्या परीक्षेत मागे जाऊन साध्या आवाजात नावाने हाक मारायची. वळून पाहिलं नाही तर तो बड परत करायचा, किंवा बाहेरचं ऐकू देणारी सोय त्यात असली तर ती कायमची चालू ठेवायची. बाहेरचं सगळं बंद करणारे महागडे बड कोणी आणले की ते चिडत. "सन्नाटा कशाला पाहिजे रे जिवंतपणी? मेल्यावर फुकट मिळतो."

चिडत, असं मी लिहिलं खरं, पण न चिडलेले दत्तूभाऊ मी फारसे पाहिलेच नाहीत. लोक हसत आणि म्हणत, दादा बहिरे आहेत म्हणून ओरडतात. मला तेव्हाही ते पटत नव्हतं. ते रागावलेले होते म्हणून ओरडत होते. कंपनीवर रागावलेले होते, आमच्यावर होते, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. ते का, हे पुढे येईल.

धामनोदकडचा पवन नावाचा एक ऑपरेटर होता. सव्वीस-सत्तावीसचा, नुकतं लग्न झालेला. एकदा तो प्रेसवर कानात इअरबड घालून काम करताना दत्तूभाऊंनी पाहिला. प्रेसचा आवाज नको म्हणून त्याने त्याच्यावर गाण्याचा आवाज चढवला होता. ही हुशारी आमच्या प्रेस शॉपमध्ये बऱ्याच जणांनी शोधून काढली होती. दत्तूभाऊंनी मशीन थांबवलं, त्याच्या कानांतून दोन्ही बड ओढून काढले आणि खाली तेलाच्या ट्रेमध्ये टाकले. पवन रडायच्या बेताला आला. "दादा, मैं क्या करूँ? कंपनी वाले कान के प्लग नी देते. होली पे एक जोड़ी दी थी." त्याने खिशातून ते प्लग काढून दाखवले. फोमचे पिवळे बोळे, काळे ठिक्कर पडलेले.

ते काळे बोळे तळहातावर घेऊन दत्तूभाऊ तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मी हजेरीच्या सह्या घ्यायला तिथेच उभा होतो. त्यांनी ते बोळे साहेबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवले. "साहब, अपने कान में डाल के दिखाओ." साहेब काहीतरी नियमाचं बोलू लागले. "नियम बाद में. पहले डाल के दिखाओ." त्या आठवड्यात प्लगची खोकी आली. प्रत्येकाला जोडी मिळाली आणि पुढेही मिळत राहिली. त्या साहेबांच्या डोक्यातून ती सकाळ मात्र कधी गेली नाही.

आता ते स्वतःवर का रागावले होते, ती गोष्ट. दरवर्षी कारखान्याच्या आवारात कान तपासायची गाडी येते. गाडीत काचेची लहानशी खोली असते. कामगाराने हेडफोन लावून आत बसायचं, बारीक शिटी ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. काचेपलीकडे तंत्रज्ञ बसतो आणि कागदावर आलेख निघतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सखाराम नावाचा आमचा एक माणूस या तपासणीत नापास झाला. तो ठेकेदाराचा कामगार होता. पुढच्या सोमवारी त्याचा गेट पास चाललाच नाही. कोणी कारण सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. त्याचे कान या कारखान्याने घेतले आणि कान गेले म्हणून कारखान्याने त्याला घालवला.

त्यानंतरच्या वर्षी दत्तूभाऊंनी एक शोध लावला. तंत्रज्ञाला चष्मा होता. तो शिटी सोडे तेव्हा यंत्रावर लहानसा हिरवा दिवा लागे, आणि तो दिवा त्याच्या चष्म्याच्या काचेत दिसे. चष्म्यात हिरवं दिसलं की बटण दाबायचं. झाले पास! दत्तूभाऊंनी हे बसमध्ये सगळ्यांना शिकवलं, एकेकाला समोर बसवून, टॉर्चने सराव करून घेतला. तेव्हापासून प्रेस शॉपचा एकही माणूस नापास झाला नाही. बायका-मुलांची पोटं त्या हिरव्या ठिपक्यावर चालली. नावं पुकारायला गाडीच्या दाराशी मीच उभा असे. मला सगळं दिसत होतं. मीही मनात म्हटलं, वाहवा दत्तूभाऊ.

वाहवा कसली! दरवर्षी आमच्या सह्यांनी कागदावर लिहिलं जात होतं, की या यंत्राशेजारी उभं राहून कोणाचाही कान बिघडत नाही. हे दत्तूभाऊंना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. एकदा बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाले, "शिर्केबाबू, मी पोरांच्या नोकऱ्या वाचवल्या आणि कान विकले." त्यांच्या इअरबडच्या वेडाचं मूळ मला त्या दिवशी समजलं. प्रेसपासून कान वाचवता येत नव्हते, निदान गाण्यांपासून तरी वाचवू, एवढीच त्यांची धडपड होती.

पवनने नंतर दुसरे इअरबड घेतले ते दत्तूभाऊंना बरोबर नेऊन. एका रविवारी धारच्या बाजारात आम्ही तिघं गेलो. दुकानदार डबी उघडून द्यायला तयार नव्हता. "भिया, हाइजीन का मामला है. एक बार सील खुली तो फिर कौन लेगा?" दत्तूभाऊंनी आपल्या तीन बाटल्या, कापूस आणि स्पिरिट काउंटरवर मांडलं आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्याला व्याख्यान सुरू केलं, की कान न बघता बड विकणारा माणूस डोळे न तपासता चष्मा विकतो. शेवटी दुकानदाराने हात जोडून डबी उघडली. पवनने शेव खाल्ली, मान हलवली, हाकेला वळून पाहिलं. जोडी पसंत पडली. दुकानदाराने जाताना दत्तूभाऊंचा नंबर मागून घेतला. "दादा, किसी का फिट नी हुआ तो आपके पास भेजूँगा."

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी पवन बसमध्ये तक्रार घेऊन आला. बायकोला फोनवर त्याचा आवाज घुमल्यासारखा येत होता. "दे इकडे, जेवणाच्या सुट्टीत बघतो," म्हणून दत्तूभाऊंनी ती डबी खिशात टाकली.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला फोर्कलिफ्ट मागे येत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दत्तूभाऊ डाव्या अंगाला वळले आणि तिच्या वाटेत आले. ड्रायव्हरने ब्रेक मारला, वरची लोखंडी पेटी घसरली आणि दत्तूभाऊंचा घोटा मोडला. उचलून नेताना त्यांच्या खिशातून इअरबडची डबी खाली पडली.

अपघाताचा अहवाल मी टाइप केला. सुपरवायझरने सांगितलं त्याप्रमाणे मी लिहिलं, कामगाराच्या खिशात इअरबड मिळाले. साहेबांनी वाचलं. "जेब में नहीं, कान में लिखो." मी त्यांच्याकडे पाहिलं. "कान में थे, इसलिए हॉर्न नहीं सुना. समझे?" मी 'जेब' खोडलं आणि 'कान' लिहिलं. दोन अक्षरांचा शब्द. निवृत्तीला माझं दीड वर्ष उरलं होतं. लेकीचं लग्न ठरत होतं. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत, की आता त्यांचीच मला शिसारी येते.

प्लास्टर निघाल्यावर चौकशी झाली. दत्तूभाऊ म्हणाले, बड कानात नव्हते, खिशात होते, आणि हॉर्न ऐकू आला नाही कारण माझे कान गेले आहेत. साहेबांनी फाइल उघडली. दरवर्षीची तपासणी, दरवर्षी नॉर्मल. "और आपकी लाइन के सब लोगों का नॉर्मल है. तो मशीन से कान कैसे गया? गया होगा तो इअरबड से गया." बड कोणाचे, हे त्यांनी विचारलं. मोबाइल आणि इअरबड आत नेणं मना होतं. दत्तूभाऊंनी पवनचं नाव घेतलं नाही. पवननेही घेतलं नाही.

निकाल ठरायच्या आधी कानांची गाडी येणार होती. आदल्या दिवशी दत्तूभाऊ काठी टेकत बसमध्ये उभे राहिले. गेल्या कितीतरी वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच विनवणी करताना पाहिलं. "कल गाड़ी आ री है. सब आँख मीच के बैठना. सुनाई दे तो दबाना, नी तो मत दबाना. बस एक बार."

 मागून कोणीतरी म्हणालं, "दादा, पास निकल गया तो?"

"एक का निकाल सकते हैं. सबका कैसे निकालेंगे? प्रेस कौन चलाएगा फिर, इनकी सास?" थोडे हसले. मग दत्तूभाऊ हळू आवाजात म्हणाले, "दस लोग भी बैठ गए ना भिया, तो कागज पे आ जाएगा कि कान मशीन ने खाए. मेरा छोड़ो. तुम्हारा आ जाएगा."

सकाळी गाडी आली. मी दारात यादी घेऊन उभा. पहिलं नाव दत्तूभाऊंचं. ते आत बसले, हेडफोन लावला आणि डोळे मिटले. बटण धरलेला हात मांडीवर उताणा पडलेला. दिवा लागत होता आणि विझत होता, बोट काही हलत नव्हतं. तंत्रज्ञाने शेवटी काचेवर टकटक केली, तीही त्यांना कळली नाही. आलेखाची रेघ पार तळाला गेली. ते बाहेर आले आणि समोरच्या कडुनिंबाखाली स्टुलावर बसले.

मी पवनचं नाव पुकारलं. तो दत्तूभाऊंच्या समोरून गेला, आत बसला. काचेतून मला त्याचे डोळे दिसत होते. उघडे होते. तंत्रज्ञाच्या चष्म्यावर खिळलेले. एकही हिरवा ठिपका त्याने चुकवला नाही. त्यानंतरचा तसाच, त्याच्यानंतरचा तसाच. पस्तीस माणसं मी एकेक करून पुकारली. प्रत्येक नावाला मला वाटे, हा डोळे मिटेल. कोणीही डोळे मिटले नाहीत. आणि मी? तंत्रज्ञ माझ्यापासून तीन हातांवर होता. 'साहेब, चष्मा काढून तपासा,' एवढंच म्हणायचं होतं. मी पुढचं नाव पुकारलं.

जेवणाच्या वेळी दत्तूभाऊ माझ्याकडे आले. "किती?" मी यादी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी बोट फिरवत खालपर्यंत वाचली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं असं फार वाटत होतं. ते म्हणाले, "शिकवलं तर मीच होतं," आणि यादी परत दिली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही.

कारखान्याने त्यांना काढलं. कागदावर कारण इअरबडचं. ज्या माणसाने प्रेसवरच्या पोरांच्या कानांतून इअरबड उपटून काढले, त्या माणसाला! आता ते देवासला आपल्या लेकीकडे असतात, टेकडीच्या बाजूच्या एका गल्लीत. माझ्या लेकीच्या घरापासून चालत दहा मिनिटं. देवासला माझ्या चार फेऱ्या झाल्या. त्या गल्लीत मी पाय ठेवलेला नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कामावरून काढलं त्या दिवशी संध्याकाळी. बसचा पास दुपारीच काढून घेतला होता, म्हणून ते पायीच गेटाकडे निघाले होते. आवारातला रस्ता अरुंद. ते मधोमध काठी टेकत, पाय ओढत चालले होते आणि आमची बस त्यांच्या मागे आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. दत्तूभाऊ चालत राहिले. त्याने पुन्हा दिला, लांब. दत्तूभाऊ तसेच. बस त्यांच्या पावलाने मागे मागे सरकू लागली. खाली उतरून खांद्याला हात लावला असता तरी पुरे होतं. मी मागे वळून पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. काहींनी कानांत इअरबड घालून घेतले होते, पवननेही. ड्रायव्हर चिडून म्हणाला, "अरे, कोई तो उतरो यार." दाराजवळच्या सीटवर मी होतो. गेट येईपर्यंत तो हॉर्न वाजवत राहिला, आणि मी उतरलो नाही.